गाडी हाय का?

कापणीचे दिवस आठवले की लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं म्हणे. मला राग येतो. दसरा उलटतो, अंगाला चिकटणारं ते चरचरीत ऊन सुरू होतं आणि माझे दात आपोआप एकमेकांवर घट्ट बसतात. मुंबईतल्या माझ्या खिडकीतून भाताचं एक रोपही दिसत नाही. पण अंगाला बरोबर कळतं, की आता पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आमच्या वाडीत, हळवं, लवकर पिकणारं भात पिवळं पडलं असेल. सकाळी खाली सावित्री नदीच्या खोऱ्यात धुकं कापसासारखं भरून राहिलं असेल. उतारांवर सोनकीची फुलं अजून तग धरून असतील. बायका डोक्याला फडकं गुंडाळून, विळा कमरेला खोचून बांधाबांधाने उतरत असतील. हे सगळं सुंदर आहे, हे मला मान्य आहे. ते सुंदर आहे म्हणूनच राग जास्त येतो.

पिकलेल्या भाताला एक वास असतो. थोडा दुधाळ, थोडा धुळकट, वर उन्हात तापलेल्या गवताचा. त्या वासामागे उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. वाडीतल्या प्रत्येक पोराला हे चालायला शिकण्याआधी कळतं. भात कापताना पेंढीखाली हात घालायच्या आधी विळ्याने जरा हलवून बघायचं. दादा नेहमी हलवून बघायचा. त्या दिवशीही त्याने बघितलं असणार. पण साप पेंढीत नव्हता, बांधाच्या कडेला होता आणि दादाचा पाय त्याच्यावर पडला.

मी तेव्हा सातवीत होते. नव्वदच्या दशकाची नुकती सुरुवात झाली होती. वाडीत तरणी माणसं सणासुदीलाच दिसायची, बाकी वर्षभर सगळी मुंबईत. माझे बाबाही तिकडेच एका गोदामात होते. दादा मात्र घरी होता. कापणी आटोपली की त्यालाही मुंबईला एका छापखान्यात चिकटवायचं ठरलं होतं. त्यासाठी त्याने नवी पँट शिवून घेतली होती आणि ती उशीखाली घडी घालून ठेवायचा, इस्त्रीसारखी राहावी म्हणून.

तो ओरडला नाही. बांधावर खाली बसला आणि म्हणाला, "आये, घोणस व्हती." एवढंच. आईने भारे बांधायचं सुंभ उचललं, त्याच्या पोटरीला करकचून आवळलं आणि माझ्याकडे वळून किंचाळली, "सुमे, पळ! आप्पाकडं जा, गाडी हाय का विचार!"

आप्पा म्हणजे गंगाराम आप्पा. भावकीतले, नात्याने चुलते. वाडीतली एकमेव जीप त्यांची. जुनी, हिरव्या ताडपत्रीची. पोलादपूरला बाजाराला जायचं, बाळंतिणीला उतरवायचं, मुंबईहून आलेल्या माणसाचं सामान वर आणायचं, सगळं त्या जीपवर. त्यामुळे गावकीत आप्पांचा शब्द शेवटचा असायचा. आमचं आणि त्यांचं मात्र फिसकटलेलं होतं. सरकारी रस्ता आमच्या खाचराखाली, वळणावर येऊन संपत होता. तो त्यांच्या दारापर्यंत न्यायचा तर आमचं खाचर मधोमध फोडावं लागलं असतं. पाणी धरून ठेवणारं तेवढं एकच खाचर आमच्याकडे होतं. बाबांनी नाही म्हटलं. तेव्हापासून आप्पांची जीप दारात न जाता वळणावर उभी राहायची आणि ते रोज चढ चढून घरी जायचे. रोजच्या त्या चढावर त्यांनी काय काय साठवलं असेल, ते मला कळायला पुढे बरीच वर्षं जायची होती.

मी पळाले. चप्पल कुठल्या बांधावर राहिली ठाऊक नाही. आप्पा पडवीत बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होते. त्यांच्या पडवीतून आमचं खालचं शेत तळहातासारखं दिसतं. आई अजून ओरडत होती, तो आवाज तिथे स्वच्छ येत होता.

"आप्पा, गाडी हाय का?"

त्यांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून खाली, शेताकडे पाहिलं.

"नाय."

"गाडी नाय?"

"हितं नाय," ते म्हणाले आणि सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

मी तशीच उलटी पळत आले आणि आईला सांगितलं, "गाडी नाय."

मग डोली. घोंगडी, बांबू, दोन म्हातारे आणि चार बायका. पायवाटेने उतरताना मी दादाचा हात धरून बाजूने धावत होते आणि तो मला म्हणत होता, "रडू नको गो, काय नाय झालं." पायवाट खाली येऊन रस्त्याला मिळते, ती त्या वळणावर. झाडी संपली, ऊन डोळ्यांवर आलं आणि समोर जीप उभी होती. हिरव्या ताडपत्रीवर वाळकी पानं पडली होती.

डोली थांबली. एक बाई परत वर पळाली, किल्ली आणायला. आप्पा पडवीत नव्हते. गवताला रानात गेले, असं त्यांच्या बायकोने सांगितलं. आम्ही किती वेळ त्या जीपच्या सावलीत थांबलो ते मला सांगता येणार नाही. मला एवढंच आठवतं, की दादाचा पाय सुंभाखाली काळानिळा होत चालला होता आणि आई जीपच्या चाकाला लाथा मारत होती. शेवटी डोली पुन्हा उचलली. खूप खाली एक टेम्पो मिळाला. पोलादपूर, तिथून महाड, महाडहून मुंबई. दादा वाचला. उजवा पाय गुडघ्याखाली गेला.

पुढे गावकी बसली. देवळासमोर, कातळावर. बाबा मुंबईहून आले होते. त्यांनी विचारलं, गाडी वळणावर होती तर नाही का सांगितलंत? आप्पांनी शांतपणे उत्तर दिलं. ते उत्तर मला अजून पाठ आहे.

"पोरीनं काय विचारलं? गाडी हाय का. घराशी नव्हती. हितं नाय म्हटलं. यात खोटं काय बोललो? गाडी पायजे म्हणाली का ती? साप चावला म्हणाली? आन् मी 'हितं नाय' म्हटलं, हिनं खाली जाऊन 'नाय' सांगितलं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी आईच्या पदराआड होते. मला वाटलं, आता कोणीतरी बोलेल. कारण वाडीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की जीप कधीच घराशी नसते. पण त्यातल्या प्रत्येकाला उद्या जीप लागणार होती. कोणाची सून आठव्या महिन्यात होती, कोणाचा मुलगा मुंबईहून यायचा होता. शेवटी एक म्हातारा घसा खाकरून म्हणाला, "पोरीनं जरा नीट विचारायला पायजे व्हतं."

एवढाच निकाल. मग सगळे उठले, धोतरं झटकली आणि झोडणीला गेले. त्या दिवशी प्रत्येक खळ्यावर पेंढ्या आपटल्याचा आवाज येत होता, धप्, धप्, आणि दर आवाजाला मला वाटत होतं, की ते मलाच आपटतायत. नीट विचारायला पायजे व्हतं. धप्. नीट विचारायला पायजे व्हतं.

मी अभ्यास का केला, असं मला नंतर पुष्कळांनी कौतुकाने विचारलं. महाडला राहून शिकले, मग मुंबईला, मग कॉम्प्युटरमधलं मोठं शिक्षण. वाडीतली पहिली, वगैरे. मी हसून काहीतरी सांगते. खरं उत्तर असं आहे की मला कोणाचा तरी सूड घ्यायचा होता आणि कुठून सुरुवात करावी हे कळत नव्हतं.

ती सुरुवात एका दुपारी वर्गात झाली. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमचे सर पुण्याचे, मऊ आवाजाचे. फळ्यावर काहीतरी लिहिता लिहिता ते म्हणाले, "समजा, मी तुम्हाला विचारलं, 'घड्याळ आहे का?' आणि तुम्ही 'आहे' म्हणून गप्प बसलात. उत्तर खरं आहे. पण तुम्ही माझ्याशी बोललात का? माझा हेतू काय होता?" वर्ग हसला. सर सांगत गेले. माणूस बोलतो ते शब्द म्हणजे नुसतं टोक असतं. त्याच्या मनात काहीतरी करायचं असतं, कुठेतरी पोचायचं असतं, कशात तरी अडलेलं असतं. ऐकणारा शब्दांवरून तो हेतू ओळखतो आणि न विचारलेलंही सांगतो. आपण याला सहकार्य म्हणतो. हे जर यंत्राला शिकवता आलं, तर माणूस यंत्राशी नीट बोलू शकेल.

सगळे लिहून घेत होते. मी घेतलं नाही. माझा प्रश्न नीट होता का चुकीचा, याचं एक शास्त्र होतं. शहाणीसुरती माणसं त्यावर वर्षानुवर्षं काम करत होती. आणि आमच्या गावकीने सुपारी थुंकायला लागतो तेवढ्या वेळात निकाल लावला होता.

तास संपल्यावर सरांना गाठलं आणि मला यावरच काम करायचंय असं सांगितलं. त्यांनी विचारलं, "का बरं?" मी म्हटलं, "आवडलं." ते खूश झाले.

दोन सॉफ्टवेअर एजंट बनवायचे, असं ठरलं. एजंट म्हणजे छोटा प्रोग्रॅमच, पण स्वतःपुरतं ज्ञान असलेला, स्वतःची उद्दिष्टं असलेला, काय बोलायचं ते स्वतः ठरवणारा. एक विचारणारा, एक सांगणारा. सांगणाऱ्याने विचारणाऱ्याचे शब्द घ्यायचे, त्यामागे कुठला बेत असेल ते ताडायचं, त्या बेतात अडचण कुठे आहे ते शोधायचं आणि ती दूर होईल असं उत्तर द्यायचं. त्यासाठी खऱ्या माणसांची खरी बोलणी हवी होती. मी परवानगी काढली, टेपरेकॉर्डर घेतला आणि पोलादपूरच्या एसटी स्टँडवर जाऊन बसले. दिवस कापणीचेच निवडले. सरांना सांगितलं, तेव्हा गर्दी असते. तेही खोटं नव्हतं.

त्या स्टँडवरचे दिवस चांगले होते, हे कबूल करायला हवं. चौकशीच्या खिडकीशी माणसं अर्धीमुर्धी वाक्यं टाकायची आणि पुरती उत्तरं घेऊन जायची. "महाबळेश्वर हाय का?" "हाय, पण घाटात ट्रक आडवा झालाय, वेळ लागल, च्या पिऊन घ्या." "महाडची गेली?" "आत्ताच गेली, पण मागनं चिपळूणवरनं येणारी हाय, तिला हात करा. म्हातारीला इथं बाकावर बसवा, ऊन हाय." म्हातारीचं कोणी विचारलं नव्हतं. दिवसभर असं चालायचं. एकदा एक बाई धापा टाकत आली आणि तिने नुसतं विचारलं, "गाडी हाय का?" कुठली, कुठे, काही नाही. खिडकीतला माणूस उठून उभा राहिला आणि म्हणाला, "काय झालं?"

खोलीवर येऊन ती टेप मी पुन्हा पुन्हा ऐकली. काय झालं. साधे दोन शब्द. धापा टाकणाऱ्या माणसाला कोणीही विचारतं. शत्रूही विचारतो, निदान बातमी कळावी म्हणून. आप्पांनी मला विचारलं नव्हतं.

मुंबईला परतल्यावर कामाला लागले. प्रोग्रॅम हळूहळू बोलायला लागला, रोमन लिपीतल्या तुटक मराठीत. एसटीचे प्रश्न त्याला जमायला लागले, तेव्हा एका दुपारी, लॅबमध्ये कोणी नसताना, मी त्याला ते शेत दिलं. जीप घराशी नाही. जीप वळणावर आहे. किल्ली तुझ्याकडे आहे. घरापर्यंत रस्ता नाही. विचारणारी लहान मुलगी आहे, पळत आली आहे. ती म्हणते, गाडी आहे का?

स्क्रीनवर उत्तर आलं: काय झालं?

मग मी त्याला शेतातली आरडाओरड ऐकवली, म्हणजे तशी माहिती भरली. पुन्हा विचारलं. आता उत्तर बदललं: गाडी वळणावर आहे. मी किल्ली घेऊन येतो.

मी उठले, पंखा बंद केला, पुन्हा लावला. बाहेर जाऊन पाणी प्यायले. माझा प्रश्न बरोबर होता. मी त्या दिवशी जेवढं विचारलं तेवढं पुरेसं होतं, एका यंत्रालासुद्धा पुरेसं होतं. पण ते समाधान अर्धा पेला पाणी पिईपर्यंतच टिकलं. कारण मला माझी सुटका नको होती, मला आप्पा हवे होते.

म्हणून मग मी उलटं सुरू केलं. हा एजंट "हितं नाय" कधी म्हणेल? मी त्याची हेतू ओळखायची ताकद काढून घेतली. तो मठ्ठ झाला. "गाडी आहे का?" असं विचारल्यावर म्हणाला, "आहे. वळणावर." मठ्ठ माणूस जे आहे ते सांगून मोकळा होतो. मग मी त्याला आळशी केलं, मदतीची इच्छा काढून घेतली. तो म्हणाला, "आहे," आणि गप्प बसला. कितीतरी दिवस मी त्या प्रोग्रॅमच्या गाठी सोडत आणि बांधत राहिले. शेवटी एकच जुळणी अशी निघाली, जिच्यातून ते उत्तर येत होतं. हेतू ओळखण्याची ताकद पूर्ण ठेवायची. मुलीला गाडी हवी आहे, आत्ता हवी आहे, हे त्याला पक्कं समजू द्यायचं. आणि मग तिचा बेत मोडणं हे त्याचं उद्दिष्ट ठेवायचं, फक्त खोटं बोलायचं नाही एवढी अट घालून. तेव्हा, आणि तेव्हाच, तो म्हणाला: इथे नाही.

त्या "हितं"मध्ये सगळं होतं. जीप कधीच घराशी नसायची, तिथे रस्ताच नव्हता. मग ती घराशी आहे का, असं कोणी विचारेलच कशाला? आप्पांनी अशा प्रश्नाचं उत्तर दिलं होतं, जो वाडीत कोणी कधी विचारूच शकत नव्हतं. ज्याला काही कळलेलं नाही, त्याला असा शब्द सुचत नाही. तो शब्द शोधावा लागतो. माझ्या खांद्यावरून शेताकडे बघत त्यांनी तो शोधला होता.

आमचं सगळं शास्त्र असं धरून चाललं होतं की समोरच्याचं मन ओळखता आलं की माणूस चांगला वागेल. मला तेव्हा कळलं, मन ओळखण्याचा आणि चांगुलपणाचा काही संबंध नाही. सर्वांत नेमका घाव तोच घालतो, ज्याला तुमचं मन आरशासारखं दिसतं. मी हे उदाहरण प्रबंधात घातलं, नावगाव न देता. सरांनी त्यावर पेन्सिलीने खूण केली आणि म्हणाले, "हे जरा कृत्रिम वाटतं हो सुमन. असं प्रत्यक्षात कोण वागतं?"

मी म्हटलं, "माझ्या गावात वागतात, सर." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ती खूण खोडून टाकली.

त्या वर्षी कापणीला मी घरी गेले, ती ठरवून.

दादा तोवर जयपूर फूट लावून सगळी कामं करायला लागला होता. भात गुडघ्यावर बसून कापायचा. ठुसठुसायला लागलं की महाडजवळ सवच्या गरम पाण्याच्या कुंडावर जाऊन शेक घ्यायचा आणि तिथे जमलेल्या म्हाताऱ्यांना हसवून यायचा. छापखाना, नवी पँट, कशाबद्दल तो कधी बोलला नाही. आणि संध्याकाळी, हे मला सर्वांत असह्य व्हायचं, तो आप्पांच्या पडवीत जाऊन बसायचा. जीप केव्हाच मोडीत गेली होती. आप्पा थकले होते. दोघं पानसुपारी खात पावसापाण्याचं बोलायचे.

"तुला लाज नाही वाटत?" मी विचारलं.

"कशाची?"

"त्या माणसाच्या पडवीत बसायची."

"तितं वारा चांगला येतो गो," दादा म्हणाला.

झोडणी उरकल्यावर नेहमीप्रमाणे गावकी बसली, देवळाच्या पालखीचं ठरवायला. बायका मागे उभ्या राहतात, बोलत नाहीत. मी पुढे गेले. दादाने माझा हात धरायला बघितला, मी सोडवून घेतला.

"मला एक विचारायचंय," मी म्हटलं. "समोर बसलेल्या प्रत्येकाला. कापणीच्या दिवसांत एक पोरगी पळत तुमच्या दारात आली आणि म्हणाली, गाडी हाय का. तुम्ही पहिलं काय बोलाल?"

मग मागून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, जणू मीच ती पोरगी होते, "काय झालं गो?"

"काय झालं," मी म्हटलं. "सगळे हेच विचारतील. आप्पा, तुम्ही नाही विचारलंत. का?"

आप्पा खांबाला टेकून बसले होते. "जुनी मढी उकरू नको पोरी."

"तुम्ही विचारलं नाही, कारण तुम्हाला माहीत होतं. आई ओरडत होती ते ऐकू आलं होतं. आणि 'हितं नाय' म्हणालात. हितं कधी होती गाडी? वाडीत एक माणूस सांगा, ज्याने ती तुमच्या दारात बघितलीय."

आता सगळे त्यांच्याकडे बघत होते. जीप नव्हती, कोणाला कशासाठी ती लागणार नव्हती. तोच कातळ, बहुतेक तीच माणसं, पण आता त्यांचे डोळे मोकळे होते. आप्पांचा चेहरा लाल होत गेला आणि ते एकदम ओरडले, "तुज्या बापानं रस्ता अडवला नसता तर गाडी दारात असती! बसवलं असतं त्याला! रोज चढ चढवला मला, रोज! म्हटलं, एक दिस तुमी बी चालून बघा!"

नंतरची शांतता मी आयुष्यभर पुरवून पुरवून वापरते आहे. बायकांतून कोणीतरी "अगं आई गं" असं हळूच म्हणालं. ज्या म्हाताऱ्याने तेव्हा निकाल दिला होता, तो मान खाली घालून जमिनीवर काडीने रेघा ओढत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"बोला," मी म्हटलं. "पोरीने नीट विचारलं होतं का?"

"नीट विचारलं व्हतं," तो म्हणाला.

"मोठ्यांदा."

तो मोठ्यांदा म्हणाला.

आप्पांना कोणी वाळीत टाकलं नाही, तसा ठरावबिराव झाला नाही. पण त्या दिवसापासून वाडी त्यांच्याशी मोजकं बोलायला लागली. ते विचारायचे, "एसटी गेली काय रे?" उत्तर यायचं, "गेली." पुढची कधी, आज बाजार आहे की नाही, काही नाही. "दळण आणलंस काय?" "आणलं." त्यांचं आणलं की नाही, ते ज्याचं त्याने समजायचं. हे कोणी कोणाला शिकवलं नव्हतं. मी ते दिवस गावातच होते आणि मला सांगायला संकोच नाही, मला ते ऐकताना गार पाणी प्यायल्यासारखं वाटायचं.

मी निघायच्या आदल्या दिवशी सकाळी आप्पा आमच्या अंगणात आले. चढ चढून नव्हे, उतरून. काठी धरून उभे राहिले.

"सुमे, माणसं बोलत नायत माझ्याशी."

"बोलतात की."

"तसं नाय. तुला कळतंय मी काय म्हणतोय ते. तू सांग त्यांना. तुझं ऐकतील."

मला कळत होतं. एकटं पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला काय हवं असतं, ते ओळखायला कुठलं यंत्र लागत नाही. "नाही सांगणार," मी म्हटलं. आडून काही नाही, शब्द शोधून काही नाही. सरळ तोंडावर. एवढा मान मी त्यांना दिला, जेवढा त्यांनी एका लहान मुलीला दिला नव्हता. ते काठी टेकत निघून गेले. दादा ओटीवर बसून हे ऐकत होता. तो उठला, पाय लावला आणि त्यांच्या मागोमाग गेला.

आप्पा त्यानंतर काही वर्षं जगले. दादा शेवटपर्यंत त्या पडवीत जात राहिला. ते एका पावसाळ्यात गेले, तेव्हा त्याने खांदाही दिला, निसरड्या वाटेवरून, त्या पायाने. मी गेले नाही. निरोप आला तेव्हा मी वर्गात शिकवत होते. निरोप ऐकला आणि तास पुढे चालू ठेवला.

त्याच सालच्या कापणीला घरी गेले. दुपारी खळ्याच्या कडेला, पेंढ्याच्या सावलीत आम्ही दोघं भाकरी खायला बसलो होतो. पेंढ्यावर बसलं की मांड्यांना कुसळं टोचतात. समोर उन्हात भाताची रास होती आणि चिमण्या तिच्यावर तुटून पडत होत्या. मला इतकी वर्षं जे विचारायचं होतं, ते मी तेव्हा विचारलं.

"दादा, तुला राग कसा आला नाही रे कधी? एकदाही?"

त्याने तोंडातला घास संपवला. मग म्हणाला, "दवाखान्यातनं घरी आणलं ना मला, तवा मी बघितलं, घरात कोण काय करतंय. बाबा खचलेले. आय रडत व्हती. आन् तू एकटी त्या कोपऱ्यात दात खाऊन बसलेलीस. येवढीशी. मला वाटलं, चला, ह्या कामाला माणूस हाय. मंग मी भाताकडं बघितलं."

मी हातातला घास परत भाकरीवर ठेवला.

"माझ्या वाटचा राग पण तूच केलास गो," तो म्हणाला. "नायतर त्या पडवीत मला बसता आलं असतं काय? माझ्यानं दोन्ही झालं नसतं. पाय नाय आन् वर राग." त्याने पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. "आता तर मेला तो. संपला का तुझा?"

मी स्वतःला चाचपून पाहिलं. प्रामाणिकपणे पाहिलं.

"नाही," मी म्हटलं.

"मंग राहू दे," दादा म्हणाला. "घरात जागा हाय."